ज्योतीचा टिनकटर

संगमनेर
१९ जानेवारी २०२५

चि. वृषाली,
जयभीम.

टिनकटर सापडला. गव्हाच्या कोठीमागे पडला होता. तू जाताना विचारलंस तेव्हा मी सापडत नाही म्हणालो होतो, म्हणून आधी हे कळवतो.

कोपरगावच्या गाडीत बसताना तू म्हणालीस, "फोन करू नका. नंबर ब्लॉकच राहू दे. पत्र लिहा. मम्मीनं सांगितलंय म्हणून वाचीन." मला पत्राची सवय नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं बाटल्यांवर चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या, त्यापेक्षा लांब काही लिहिलेलं नाही. तेव्हा जे आहे तेवढं लिहितो.

तुझ्या आईच्या अस्थींवर लावलेलं सीताफळाचं रोप तगलं आहे. दोन पानं गळाली, एक नवं आलं. शेजारच्या मालनबाई सकाळची भाकरी देतात. संध्याकाळी मी खिचडी टाकतो. जलदान विधीच्या दिवशी आणलेल्या खुर्च्या मंडपवाला आठ दिवसांनी घेऊन गेला. तोवर त्या अंगणात तशाच होत्या आणि मी रोज एकीवर बसत होतो.

टिनकटर मी स्वच्छ केला. चोचीच्या बिजागरीत पीठ बसलं होतं. डबे उघडायची एवढीशी पट्टी, बोटाच्या दोन पेरांएवढी, तिच्यात इतकं पीठ मावतं हे पाहून नवल वाटलं. तुझे आजोबा फौजेतून आले तेव्हा रेशनच्या डब्यांबरोबर मिळालेला हा त्यांनी खिशात आणला होता. आमच्या लग्नात लोकांनी भांडी दिली, आजोबांनी हा दिला. मांडवात सगळ्यांसमोर म्हणाले, "ज्योते, यानं समदं उघडतं बघ. जावईबापूंचं तोंड तेवढं उघडायचं न्हाई." मांडव हसला. मीही हसलो, तोंड न उघडता.

तुझी आई त्याला चिमणी म्हणायची, त्या चोचीमुळे. बांगडीतल्या सेफ्टी पिनेला अडकवलेली असायची, त्यामुळे ती स्वयंपाकघरात कुठे आहे ते आवाजावरून कळायचं. त्याच चोचीनं तांदळाच्या पोत्याची शिवण उसवायची. गॅसच्या बर्नरची भोकं मोकळी करायची. चिंचेतले चिंचोके काढायची, माझ्या चष्म्याचा स्क्रू पिळायची, शिकवणीला येणाऱ्या पोरांच्या पेन्सिलींना टोक करायची. मी म्हणायचो, घरात पक्कड आहे, पाना आहे, सुरी आहे. ती म्हणायची, "तुमच्या प्रयोगशाळेत एवढी हत्यारं, आणि चष्मा सैल झाला की माझ्यापुढंच नाक घेऊन उभे राहता."

तुम्ही दोघी रोज संध्याकाळी फोनवर तो खेळ खेळायचात हे मला माहीत होतं. आज चिमणीनं काय केलं? नवं काही असेल तर मार्क मिळायचे. मी बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचो आणि ऐकायचो.

अर्धांगाचा झटका आल्यावर डाव्या हातानं मेसेज लिहायला तिला फार वेळ लागायचा, एवढं मी तुला त्या दिवशी सांगितलं होतंच. वाचा गेली होती, उजवी बाजू गेली होती, पण डावा हात चालत होता.

टिनकटर तुझा आहे. पाठवतो.

तुझे पप्पा


संगमनेर
९ फेब्रुवारी २०२५

चि. वृषाली,
जयभीम.

तुझं पत्र आलं. पोस्टमनने हाक मारली तेव्हा मला वाटलं विजेचं बिल.

तू एकच प्रश्न विचारला आहेस. "मम्मी एकोणीस दिवस अंथरुणावर होती. रोज मला मेसेज करत होती. घसा सुजलाय, डॉक्टरांनी बोलू नको सांगितलंय, असं खोटं लिहीत होती. एकदाही 'ये' म्हणाली नाही. तिनं मला का बोलावलं नाही? मी तिला नकोशी झाले होते का?"

हे मी चार वेळा वाचलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं.

आधी एक दुरुस्ती करतो. टिनकटर कोठीमागे नव्हता. तू विचारलंस तेव्हा तो माझ्या खिशात होता. मी हात खिशात घालून उभा होतो आणि सापडत नाही म्हणालो. आजही तो माझ्याकडेच आहे. पाठवतो म्हणून लिहिलं आणि पाठवला नाही. पोस्टात दोनदा जाऊन आलो.

आता जुनं. २०२१ सालचं तुला माहीत आहे, पण माझ्या तोंडून तू ते कधी ऐकलेलं नाहीस.

लष्करी पोलिसांत मुलींची भरती निघाली तेव्हा तू पहाटे उठून प्रवरेच्या पुलापर्यंत पळायचीस. फॉर्म सायबरवाल्याकडे भरला. ई-मेल त्याचाच दिला, मोबाईल नंबर माझा. आपल्याकडे सगळ्याच मुलींच्या फॉर्मवर बापाचा नंबर असतो. पळण्यात तू पास झालीस. मेडिकलला कधी यायचं त्याचा मेसेज माझ्या मोबाईलवर आला. मी वाचला आणि मोबाईल खिशात ठेवला. अकरा दिवस तू रोज विचारत होतीस, "पप्पा, काही आलं का?" मी नाही म्हणत होतो. तारीख गेली.

तुझ्या आईला तो मेसेज गॅसबुकिंगचा नंबर शोधताना दिसला. मी पुसलाही नव्हता. तिनं मोबाईल माझ्यासमोर धरला. ओरडली नाही. म्हणाली, "संध्याकाळपर्यंत तुम्ही पोरीला सांगा. नाहीतर मी सांगीन." संध्याकाळपर्यंत मी अंगणात पाण्याची टाकी धुतली. मग तिनं सांगितलं. तू बॅग भरलीस, ती मालेगावला मावशीकडे गेलीस, तिथून रेल्वेची परीक्षा दिलीस आणि जबलपूरला पॉइंट्समन झालीस. तुझी आई तुला सोडायला स्टँडवर आली, मी आलो नाही.

लोकांना मी कारण सांगत आलो की तुझे रंगनाथमामा सीमेवर गेले ते पेटीतून परत आले, आणि एका घरातून दोनदा तसं होऊ नये असं मला वाटलं. तुझी आई त्यावर म्हणाली होती, "भाऊ माझा गेला. भीती मला वाटायला पाहिजे का तुम्हाला?" खरं कारण इतकं मोठं नव्हतं. तू गेलीस की घरात बोलणारं कोणी राहणार नाही असं वाटलं. तुझी आई माझ्याशी बोलायची, पण ते भाजी आणा, दूध आलं का, एवढंच. आणि जाऊ नको असं तुला तोंडावर म्हणण्याची हिंमत नव्हती. मेसेजनं ते काम केलं.

तू रेल्वेत लागलीस तेव्हा तिनं टिनकटर हातात घेऊन मला ऐकवलं होतं, "वर्दी घालून आली घरी की हे तिचं. अप्पांनी मला दिलं, मी तिला देणार." तू सुट्टीला मावशीकडे यायचीस. घरी आली नाहीस, म्हणून ते राहिलं.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात नाही, हे मला कळतं.

पप्पा


संगमनेर
२३ फेब्रुवारी २०२५

वृषाली,

तुझ्या आईनं तुला बोलावलं होतं.

हे पहिलं वाक्य लिहायला मला दोन आठवडे लागले. आता बाकीचं लिहितो.

३ डिसेंबरला सकाळी ती ओट्यापाशी कोसळली. दवाखान्यात नेलं तेव्हा नर्सनं बांगड्या काढायला सांगितल्या. बांगड्या, पिना आणि टिनकटर मी रुमालात बांधले. तिचा मोबाईलही माझ्याकडेच होता. संध्याकाळी तुझा फोन आला, तो वाजून थांबला. मग तुझा मेसेज आला. "काय गं मम्मी, जेवलीस का? आज चिमणीनं काय केलं?"

मी दवाखान्याच्या जिन्यावर बसलो होतो. तुला तेव्हाच खरं लिहायला हवं होतं. मी लिहिलं, "घसा सुजलाय गं. डॉक्टर बोलू नको म्हणालेत. मेसेज कर." एक दिवसाची गोष्ट आहे, उद्या डॉक्टर नीट सांगतील, मग कळवू असा विचार केला. पण तू लगेच लिहिलंस, "बरं. गरम पाणी पी. आणि चिमणीचं सांग." मी रुमाल सोडला. सलाईनच्या खोक्यावरची चिकटपट्टी टिनकटरनं कापली आणि तुला लिहिलं, "खोकं उघडलं." तू हसण्याचं चित्र पाठवलंस.

साडेतीन वर्षांत मला कोणी जेवलास का विचारलं नव्हतं. तू मला विचारत नव्हतीस हे मला माहीत होतं. तरी मोबाईल माझ्या हातात होता.

ते मला सोडवेना. खरं कारण एवढंच आहे. तुला त्रास नको, सुट्टी मिळणार नाही, आई बरी होईल, हे सगळं मी नंतर जमवलं.

एकोणीस दिवस तुला जे मेसेज आले त्यातला एकही तुझ्या आईचा नाही. तिचा डावा हात चालत होता हे खरं आहे, पण मोबाईल मी तिच्या हातात दिलाच नाही.

तुला रोज काहीतरी नवं सांगायचं म्हणून मी दिवसभर टिनकटर घेऊन घरात फिरायचो. तुझ्या आईला नळीवाटे जी पावडर द्यायचो तिच्या डब्याचं पत्र्याचं झाकण कापलं. दाराच्या चौकटीत अडकलेला मेणबत्तीचा थर खरवडला. सांडपाण्याच्या जाळीतले केस ओढून काढले. सीताफळाच्या बिया दाबून पाहिल्या, रोपं करावीत म्हणून. रेडिओचं मागचं झाकण उघडलं. औषधाच्या गोळ्या अर्ध्या केल्या, हे मात्र तुला लिहिलं नाही. चादरीची उसवलेली शिवण त्याच्या भोकातून दोरा ओवून शिवली. त्यावर तू लिहिलंस, "मम्मी! हे एकदम नवीन! दहापैकी दहा!" त्या दिवशी मी तुझ्या आईशेजारी बसून तो मेसेज तिला वाचून दाखवला. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं कळत होतं, वृषाली. ऐकू येत होतं, समजत होतं, फक्त शब्द निघत नव्हते.

घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी तिनं डाव्या हाताचं बोट उजव्या रिकाम्या मनगटावर आपटलं. बांगडी मागत असेल म्हणून मी बांगड्या आणल्या. तिनं त्या बाजूला सारल्या. टिनकटर दिला, तो घेतला. थोडा वेळ धरला. मग माझा हात ओढून तो माझ्या तळव्यावर ठेवला, माझी बोटं मिटवली आणि फळीवरच्या मोबाईलकडे बोट केलं.

मी उठलो आणि पावडरचा नवा डबा उघडला.

तिनं नाही म्हणून मान हलवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अंगठ्याच्या नखानं तिनं स्वतः चोच उघडली, टिनकटर माझ्या हातात दिला आणि भिंतीवरच्या तुझ्या फोटोकडे बोट केलं. रेल्वेच्या वर्दीतला, हातात झेंडी असलेला. म्हणजे, हा हिचा आहे, हिला द्यायचा आहे, हिला बोलवा. त्यानंतर न कळण्यासारखं काही राहिलं नव्हतं. मी तिच्यासमोर बसून संत्रं सोललं. तिला संत्रं गिळता येत नव्हतं. मी खाल्लं.

ती रोज देत होती आणि मी रोज काहीतरी उघडत होतो.

मालनबाई येऊन विचारायच्या, "भाऊ, पोरीला कळीवलं का?" मी म्हणायचो, कळवलं. "मंग यीना कशी अजून?" म्हटलं, सुट्टी मिळत नाही. "अशी कशी वो रेल्वे? सोता देशभर गाड्या पळवती आन् मान्साला यका गाडीत बसू दीना?" तुझी आई पलंगावरून हे ऐकत होती. तू येत नाहीस असं तिनं ऐकलं. तिचे डोळे भरले. मी मालनबाईंसाठी चहा टाकायला आत गेलो.

आता तो मेसेज. २० डिसेंबरचा, ज्याच्यामुळे तू माझी पत्रं वाचतेस. "पप्पांचं एकदा ऐकून घे. माणूस वाईट नाही." तो मीच लिहिला आहे. स्वतःबद्दल. लिहून तीनदा खोडला आणि चौथ्यांदा पाठवला. तुझ्या आईनं माझ्याबद्दल असं कधी म्हटलं असेल तर मला माहीत नाही.

२२ तारखेला पहाटे ती गेली. टिनकटर तिच्या डाव्या मुठीत होता. रात्री मी उशाशी ठेवला होता, कधी घेतला कळलं नाही. मूठ सैल होती. मी तो काढून खिशात टाकला, मग मालनबाईंच्या मोबाईलवरून तुला फोन लावला. तू विचारलंस तेव्हा म्हणूनच सापडत नाही म्हणालो. तो तुझ्या हातात दिला असता तर त्याच्याबरोबर हे सगळं द्यावं लागलं असतं.

नकोशी झाले होते का, असं तू विचारलंस. तू ते मला विचारलंस, आणि त्या मेसेजमधून तुझा तसा समज मी करून दिला. तिनं तुला शेवटच्या दहा दिवसांत रोज बोलावलं. मोजून सांगतो असं नाही, पण एकही दिवस चुकला नाही.

सोबत टिनकटर पाठवतो. तिचा मोबाईल आणि चार्जरही. ३ डिसेंबरपर्यंतचे मेसेज तिचे आहेत. त्यापुढचे माझे.

माझं ऐकून घ्यायला तुला कोणी सांगितलेलं नाही. तेव्हा यापुढची पत्रं वाचायचं बंधन नाही.

पार्सल मांजरपाटात शिवलं आहे, पोस्टातल्या बाई म्हणाल्या खोकं फुटतं. दाभण घेऊन दोन तास लागले, टाके वेडेवाकडे आहेत. शेवटचा टाका घातल्यावर लक्षात आलं की हे उसवायला जे लागतं तेच आत आहे. तुझी आई दिवसभर हसली असती.

वाल्मिक


संगमनेर
२ एप्रिल २०२५

वृषाली,

पार्सल परत आलं. पोस्टमनच्या हातात मांजरपाट दिसला तेव्हा मला वाटलं तू न उघडता पाठवलंस. मग पाहिलं तर कापड उलटं करून शिवलं होतं. टाके बारीक, सगळे सारखे. तुझी आई असेच घालायची. मालनबाईंनी हात फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "ही पोरीची शिवन हाय. तुमची न्हाई."

मी ते उसवलं नाही लगेच. दोन दिवस टेबलावर ठेवलं. आज सकाळी ब्लेडनं एका बाजूनं उसवलं.

आत मोबाईल आहे, चार्जर आहे. चिठ्ठी नाही. मोबाईल चार्ज करून पाहिला. ३ डिसेंबरच्या सकाळपर्यंतचे मेसेज जागेवर आहेत. तिचा शेवटचा, "पोहे केलेत, तू असतीस तर," एवढाच. त्याच्यापुढे काही नाही. एकोणीस दिवसांचं तू सगळं पुसलंस. माझं पुसलंस, आणि त्याला दिलेली तुझी उत्तरंही. दहापैकी दहाही.

बरोबर केलंस.

मग मी कापड झटकलं. खोक्याचा कागद काढून पाहिला, चार्जरची वायर सोडून पाहिली. चिमणी त्यात नाही.

मालनबाईंनी कुंपणावरून विचारलं, "काय वो भाऊ, काही हारपलं का?" म्हटलं, नाही. जिथं जायला हवं होतं तिथं गेलं.

रोपाला आता सात पानं आहेत. ऊन वाढलं आहे, म्हणून त्याच्यावर पोत्याची सावली बांधली.

हे पत्र तू वाचशील का माहीत नाही, आणि तू काही विचारलेलंही नाहीस. पण त्या दिवसांत संध्याकाळी एक गोष्ट सांगायची सवय लागली, ती आता माझ्या नावानं सांगतो. आज अंगणाच्या फाटकाला रंग द्यायला घेतला. रंगाच्या डब्याचं झाकण गच्च बसलं होतं. चमच्याच्या दांड्यानं काढलं. बराच वेळ लागला. दांडा वाकला, अंगठ्याला लागलं.

डबा उघडला.

पप्पा